एसडीके बसवणारी स्क्रिप्ट : अडते कुठे आणि सुधारायची कशी

आपल्या सभासदांमध्ये असे घर आता क्वचितच सापडेल, जिथे मुलगा, सून, नात, भाचा यांपैकी कोणी संगणकाच्या क्षेत्रात शिकत नाही किंवा नोकरी करत नाही. इंदूरहून पुण्याला, बंगळूरला, हैदराबादला गेलेली ही मुले सुट्टीत घरी येतात, तेव्हा त्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘एसडीके इन्स्टॉलच होत नाहीये.’ आजी-आजोबांना त्यातले ‘होत नाहीये’ एवढेच कळते.

मंडळाच्या वाचनालयात रविवारी सकाळी विद्यार्थ्यांच्या मदतीला आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी बसतो. आमच्यातल्या बहुतेकांचे आयुष्य बँकेत गेले. प्रोग्रामिंग हा आमचा धंदा नव्हे. पण कागद ओळीने वाचायचा, मेळ बसला नाही तर पुढे जायचे नाही, ही सवय अंगात मुरलेली आहे आणि या कामात ती फार उपयोगी पडते. मदतीला येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांची अडचण प्रोग्राम लिहिण्याची नसतेच. ती त्याच्या आधीच अडलेली असतात. प्रॅक्टिकलची तारीख जवळ आलेली, तीन-चार संध्याकाळी हत्यारे बसवण्यात गेलेल्या, आणि मूल म्हणते, ‘काका, मला हे जमणार नाही. मी दुसरा विषय घेतो.’ घरातले वडीलधारेही मग तसेच म्हणू लागतात.

म्हणून हा लेख. आमचे म्हणणे असे की यात मुलाचा दोष बहुधा नसतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आपल्या संगणकावर जे होते ते सगळ्यांकडे असेल असे धरून चाललेले असते. ही चूक ओळखता येते, सुधारता येते, आणि ती सुधारण्याचे काम आपल्याच घरांतली मुले करू शकतात.

एसडीके म्हणजे काय

एसडीके म्हणजे सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट. सुतार कामाला येतो तेव्हा करवत, रंधा, पटाशी, गुण्या हे सगळे एका पेटीतून आणतो, तशी ही प्रोग्रामरची हत्यारपेटी. अँड्रॉइड फोनसाठी ॲप करायचे तर अँड्रॉइड एसडीके लागतो, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवर काम करायचे तर डॉटनेट एसडीके, गूगलच्या फ्लटरवर करायचे तर फ्लटर एसडीके. लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर, तयार तुकड्यांची लायब्ररी, चाचणीची साधने हे सर्व त्या पेटीत असते. अँड्रॉइडच्या बाबतीत संगणकाच्या पडद्यावर खोटा फोन उभा करणारा एम्युलेटरही मिळतो.

ही पेटी एका जागी ठेवून भागत नाही. संगणक विंडोजचा आहे, मॅकचा आहे की लिनक्सचा, हे पाहावे लागते. त्यातली चिप इंटेल पद्धतीची की एआरएम पद्धतीची, हेही पाहावे लागते. ॲपलने २०२० पासून मॅकमध्ये स्वतःची एआरएम पद्धतीची चिप घालायला सुरुवात केली, तेव्हापासून हा प्रश्न घरोघरी आला. मग योग्य फाइल इंटरनेटवरून उतरवायची, ती अखंड आली का ते तपासायचे, उलगडून जागेवर ठेवायची, आणि शेवटी हत्यारे कुठे ठेवली आहेत ते संगणकाला सांगायचे.

हे शेवटचे काम ‘पाथ’ नावाच्या यादीत होते. आपण एखादी आज्ञा टाइप केली की संगणक या यादीतले फोल्डर क्रमाने उघडून पाहतो आणि त्या नावाचे हत्यार पहिल्यांदा जिथे सापडेल तिथून ते उचलतो. यादीत फोल्डरच नसेल तर ‘कमांड सापडली नाही’ असे उत्तर येते. हत्यार घरातच असते, पण पत्ता नोंदवलेला नसतो.

ही सारी कामे ओळीने लिहिलेली फाइल म्हणजे इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट. लिनक्स आणि मॅकवर ती बॅशसारखा ‘शेल’ चालवतो, विंडोजवर पॉवरशेल. वापरणाऱ्याला बऱ्याचदा एकच ओळ चिकटवायला सांगतात : ही फाइल इंटरनेटवरून आणा आणि लगेच चालवा. सोय मोठी आहे. पण अनोळखी माणसाने लिहिलेल्या चिठ्ठीवर घराच्या किल्ल्या देण्यासारखेही ते आहे. त्याच लॅपटॉपवर घरातले फोटो असतात, आजोबांच्या पेन्शनचे कागद स्कॅन करून ठेवलेले असतात, मुलाच्या चार वर्षांच्या वह्या असतात.

एका रिकाम्या जागेची किंमत

‘एवढे काय बिघडणार’ असे वाटत असेल, तर घडलेल्या काही गोष्टी सांगतो.

२००१ साली ॲपलने मॅकसाठी आयट्यून्सची दुसरी आवृत्ती काढली. तिच्या इन्स्टॉलरमध्ये जुनी प्रत पुसणारी एक ओळ होती. त्या ओळीत फोल्डरच्या पत्त्याभोवती अवतरण चिन्हे द्यायची राहिली होती. डिस्कच्या नावात रिकामी जागा असली की शेल त्या एका नावाचे दोन तुकडे करी आणि भलतेच काही पुसून टाकी. काही लोकांच्या डिस्कवरचा मजकूर त्यात गेला. ॲपलने तो इन्स्टॉलर मागे घेतला आणि लगेच दुरुस्त आवृत्ती दिली.

२०११ साली बंबलबी नावाच्या लिनक्स प्रकल्पात याच्या उलट झाले. लॅपटॉपमधली एनव्हिडियाची दुसरी ग्राफिक्स चिप वापरता यावी यासाठी तो प्रकल्प होता. त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक खोलवरचा फोल्डर पुसायची आज्ञा होती, आणि पत्त्याच्या मध्ये चुकून एक रिकामी जागा पडली होती. त्यामुळे आज्ञेचा अर्थ झाला, ‘आधी यूएसआर हा पूर्ण फोल्डर पुसा, मग पुढचा.’ लिनक्समधले बहुतेक प्रोग्राम यूएसआरमध्येच असतात. ज्यांनी ती स्क्रिप्ट चालवली त्यांचा संगणक निकामी झाला. दुरुस्ती करताना काढावे लागले एकच अक्षर, ती रिकामी जागा.

२०१५ च्या जानेवारीत स्टीम या खेळांच्या सॉफ्टवेअरची लिनक्सवरची स्क्रिप्ट गाजली. ती इन्स्टॉलेशनची नव्हे, सुरू करण्याची स्क्रिप्ट होती, पण धडा तोच. स्टीम कुठे बसले आहे तो पत्ता एका नावाखाली साठवायचा आणि प्रसंगी त्या पत्त्याखालचे सर्व पुसायचे, अशी ती रचना. एका वापरकर्त्याने फोल्डर दुसरीकडे हलवले होते. स्क्रिप्टला पत्ता सापडला नाही, ते नाव रिकामे राहिले, आणि ‘रिकामे, तिरकी रेघ, सर्व काही’ याचा अर्थ झाला संपूर्ण डिस्क. त्याला पुसायची परवानगी असलेल्या साऱ्या फाइली गेल्या, जोडलेल्या बॅकअप डिस्कवरच्यासुद्धा. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानेच ‘भीतीदायक’ अशा अर्थाची टीप लिहून ठेवली होती.

बँकेत रक्कम न लिहिलेला, सही केलेला चेक कोणी काउंटरवर ठेवला तर कॅशियर तो पास करत नाही. ‘रक्कम कुठे आहे’ असे विचारतो. स्क्रिप्टलाही हे शिकवता येते : नाव रिकामे असेल तर तिथेच थांब आणि तसे सांग. शेलमध्ये त्यासाठी दोन-तीन अक्षरांची सोय आहे. पत्त्याभोवती अवतरण चिन्हे देणे आणि पुसण्याच्या आज्ञेआधी नाव रिकामे नाही ना हे पाहणे, या दोन सवयी पाळल्या असत्या तर वरच्यापैकी पहिला आणि तिसरा प्रसंग टळला असता. दुसऱ्याला हवा होता आणखी एक वाचणारा डोळा.

आधी पाहणी, मग काम

चांगली स्क्रिप्ट कामाला हात घालण्यापूर्वी पाहणी करते. डिस्कवर जागा पुरेशी आहे का? अँड्रॉइडची पेटी एम्युलेटरसकट कित्येक जीबीची होते, आणि जुन्या लॅपटॉपवर तेवढी जागा नसते. नव्वद टक्के उतरल्यावर ‘जागा संपली’ म्हणण्यापेक्षा पहिल्याच मिनिटाला सांगितलेले बरे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्या मुलाचा दिवसभराचा डेटा त्यात वाचतो.

लागणारी इतर साधने हजर आहेत का, फोल्डरमध्ये लिहायची परवानगी आहे का, चिप कोणती, हेही आधीच विचारायचे. रस्ट भाषेची हत्यारे बसवणारी रस्टअपची स्क्रिप्ट या बाबतीत पाहण्यासारखी आहे. ती आधी संगणकाची जात ओळखते, आपल्याला लागणाऱ्या आज्ञा उपलब्ध आहेत का ते एकेक करून तपासते, आणि मग खरा इन्स्टॉलर उतरवते. तो इन्स्टॉलर कोणत्या फोल्डरमध्ये काय ठेवणार, पाथमध्ये काय बदलणार, पुढे सगळे काढून टाकायचे तर कोणती आज्ञा द्यायची, हे सांगून तीन पर्याय देतो : पुढे जा, बदल कर, रद्द कर. मॅकवर वापरली जाणारी होमब्रूची स्क्रिप्टही आपण काय करणार ते आधी सांगते आणि मग थांबते.

शेलच्याही जाती आहेत, हे बऱ्याच लिहिणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. ॲपलने २०१९ मध्ये मॅकवरचा नेहमीचा शेल बॅशऐवजी झेडशेल केला. पाथची ओळ फक्त बॅशच्या फाइलमध्ये लिहिणाऱ्या स्क्रिप्ट नव्या मॅकवर ‘यशस्वी’ म्हणून संपतात आणि हत्यार मात्र सापडत नाही. मॅकसोबत येणारा बॅशही ३.२ या जुन्या आवृत्तीचाच आहे, त्यामुळे चौथ्या आवृत्तीत आलेल्या सोयी वापरल्या की तिथे स्क्रिप्ट अडते. उबुंटूवर ‘एसएच’ या नावामागे २००६ पासून डॅश नावाचा वेगळा, हलका शेल आहे. बॅशची खास वळणे त्याला कळत नाहीत. विंडोजच्या घरगुती संगणकावर पॉवरशेल मुळात कोणतीच स्क्रिप्ट फाइल चालवू देत नाही. तशी परवानगी आधी द्यावी लागते. ‘माझ्याकडे चालले’ हे प्रमाणपत्र म्हणूनच अपुरे असते.

पूर्ण होईल किंवा काहीच होणार नाही

शेलची मूळ सवय अशी की एक आज्ञा फसली तरी पुढची चालवायची. ‘अमुक फोल्डरमध्ये जा’ आणि ‘इथले सगळे पुसा’ अशा दोन ओळी समजा. पहिली फसली, कारण तो फोल्डरच नाही. दुसरी तरीही चालते, आणि आपण ज्या फोल्डरमध्ये उभे आहोत तिथले सगळे पुसते. यासाठी स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘चूक झाली की थांब’ अशी सूचना लिहिता येते. तिच्यातही पळवाटा आहेत. दोन आज्ञा नळीने जोडल्या, म्हणजे एकीने फाइल उतरवायची आणि दुसरीने लगेच उलगडायची, तर नेहमीच्या नियमाने फक्त शेवटच्या आज्ञेचा निकाल धरला जातो. पहिली फसली तर तसे कळावे म्हणून वेगळी सूचना द्यावी लागते. दोन्ही सूचना दिल्या तरी महत्त्वाच्या पायऱ्यांवर निकाल स्वतः तपासणे उत्तम.

दुसरा धोका अर्धवट उतरलेल्या स्क्रिप्टचा. इंटरनेटवरून येणारी स्क्रिप्ट थेट शेलला जोडली असेल तर शेल पूर्ण फाइलची वाट पाहत नाही. जशी ओळ येते तशी चालवतो. मध्येच नेट गेले तर अर्धे काम होऊन राहते. शेवटची ओळच अर्धी आली तर भलत्या फोल्डरचे नाव तयार होऊ शकते. यावरचा उपाय सोपा आहे : सगळे काम एका फंक्शनमध्ये गुंडाळून ठेवायचे आणि ते सुरू करण्याची हाक फाइलच्या अगदी शेवटच्या ओळीत द्यायची. ती ओळ आली म्हणजे वरचे सगळे आले आहे. रस्टअपची स्क्रिप्ट असेच करते.

तिसरी गोष्ट, फाइली एकदम अंतिम जागी उलगडू नयेत. तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडाव्या, तपासाव्या आणि सगळे ठीक असेल तर एका फटक्यात नाव बदलून जागेवर आणाव्या. तात्पुरता फोल्डर त्याच डिस्कवर असला तर हे नाव बदलणे एकसंध होते. एकतर जुनी प्रत राहते किंवा नवी येते, अर्धी-अर्धी कधीच नाही. मध्येच कोणी थांबवले तर तात्पुरता फोल्डर साफ करण्याची तरतूद शेलमध्ये आहे. नावे पडली आणि जमा पडली नाही, असे व्हाउचर बँकेत दिवसअखेर शिल्लक राहू देत नसत. इथेही तोच हिशेब.

सही जुळवून पाहणे

उतरवलेली फाइल खरी आणि अखंड आहे हे ओळखण्यासाठी चेकसम असतो. एसएचए-२५६ ही आज सर्रास वापरली जाणारी पद्धत. फाइल कितीही मोठी असो, तिच्यावरून ६४ अक्षर-अंकांची एक ओळ निघते. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ती ओळ पार बदलते. प्रकल्पाने जाहीर केलेली ओळ आणि आपल्या फाइलवरून निघालेली ओळ जुळली तर पुढे जायचे, नाहीतर थांबायचे. चेकवरची सही आणि नमुना सहीचे कार्ड समोरासमोर ठेवून पाहण्यासारखे हे आहे.

ते कार्ड मात्र चेक आणणाऱ्याच्याच खिशातून येता कामा नये. फाइल आणि तिचा चेकसम एकाच सर्व्हरवर असतील आणि कोणी त्या सर्व्हरवर शिरले, तर तो दोन्ही बदलू शकतो. असा चेकसम उतरताना झालेली खराबी ओळखतो, चोर ओळखत नाही. त्यासाठी चेकसम वेगळ्या जागी ठेवावा किंवा फाइलवर डिजिटल सही करावी.

याचे उत्तम उदाहरण २०२१ सालचे आहे. कोडकव्ह या कंपनीची एक बॅश स्क्रिप्ट हजारो प्रकल्प आपोआप उतरवून चालवत. ३१ जानेवारीपासून कोणीतरी त्या स्क्रिप्टमध्ये गुपचूप बदल करून ठेवला. स्क्रिप्ट चालली की त्या संगणकावरचे पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या बाहेर पाठवल्या जात. दोन महिने कोणाला पत्ता लागला नाही. १ एप्रिलला एका ग्राहकाने उतरवलेल्या स्क्रिप्टचा चेकसम गिटहबवर दिलेल्या चेकसमशी ताडून पाहिला. तो जुळेना. त्याने कंपनीला कळवले आणि प्रकार उघड झाला. चेकसम जाहीर होता आणि तो ताडून पाहणे कोणालाही शक्य होते.

पुन्हा चालवली तरी बिघडू नये

इन्स्टॉल अडले की माणूस काय करतो? तीच आज्ञा पुन्हा देतो. म्हणून दुसऱ्यांदा, पाचव्यांदा चालवली तरी परिणाम तोच राहील अशी स्क्रिप्ट हवी. आमच्याकडे आलेल्या एका लॅपटॉपवर पाथची तीच ओळ अकरा वेळा लिहिलेली होती. मधल्या काही ओळी जुन्या आवृत्तीच्या होत्या, आणि त्यामुळे नवे हत्यार बसूनही जुनेच चालत होते. ओळ लिहिण्याआधी ती तिथे आहे का, एवढे विचारले असते तर हे झाले नसते. बँकेच्या भाषेत ही डबल पोस्टिंग. डेबियन या लिनक्सच्या नियमावलीत तर पॅकेजसोबतच्या स्क्रिप्ट पुन्हा चालवल्या तरी चालल्या पाहिजेत असे स्पष्ट लिहिलेले आहे.

उतरवताना नेट तुटले तर आधी आलेला भाग टाकून देऊन पुन्हा शून्यापासून सुरुवात करणे हाही वाईट प्रकार. कर्ल आणि डब्ल्यूगेट या फाइल उतरवणाऱ्या दोन्ही साधनांत राहिल्या जागेपासून पुढे उतरवण्याची सोय आहे. ती वापरायला एक छोटा पर्याय पुरतो.

तसेच आवृत्तीचे. ‘सगळ्यात नवी आणा’ एवढेच लिहिले तर जूनमध्ये बसवणाऱ्याला एक आवृत्ती मिळते आणि ऑगस्टमध्ये बसवणाऱ्याला दुसरी. वर्गात शिक्षकांचे उदाहरण एकाकडे चालते, शेजारच्याकडे नाही. आवृत्ती नेमकी सांगता आली पाहिजे. डॉटनेटच्या स्क्रिप्टमध्ये तशी सोय आहे. शिवाय काहीही न बसवता, काय बसले असते ते नुसते दाखवण्याचाही पर्याय तिथे आहे. ही स्क्रिप्ट मूळच्या नियमाने वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्येच बसवते, प्रशासकाचे अधिकार मागत नाही. ज्या कामाला तसे अधिकार लागत नाहीत, तिथे ‘सुडो’ मागणारी स्क्रिप्ट दिसली की कारण विचारावे.

आपल्या नावांचा प्रश्न

आपल्याकडची एक खास अडचण सांगायलाच हवी. विंडोजवर खाते उघडताना मूल नाव आणि आडनाव लिहिते, मध्ये रिकामी जागा. कोणी हौसेने देवनागरीत लिहिते. त्याच नावाचा फोल्डर तयार होतो आणि एसडीके त्याच्या आत बसायला जातो. अँड्रॉइड स्टुडिओ अशा वेळी इशारा देतो की एसडीकेच्या पत्त्यात रिकामी जागा नसावी, आणि इंग्रजी मुळाक्षरांबाहेरची अक्षरे असली तरी तो तक्रार करतो. इशारा मिळतो हे बरे. कित्येक लहान स्क्रिप्ट काहीच न सांगता मधल्या पायरीवर पडतात.

गेल्या हिवाळ्यात एक विद्यार्थिनी आली होती. कॉलेजातून मिळालेली स्क्रिप्ट तिच्या लॅपटॉपवर काही केल्या चालेना. मैत्रिणींकडे तीच स्क्रिप्ट चालत होती, म्हणून तिची खात्री झाली होती की आपलेच काहीतरी चुकते. खात्याचे नाव देवनागरीत होते, एवढेच कारण. इंग्रजी अक्षरांत नवे खाते काढल्यावर वीस मिनिटांत काम झाले. स्वतःचे नाव स्वतःच्या लिपीत लिहिणे ही तिची चूक म्हणता येत नाही. रिकामी जागा, देवनागरी, तमिळ, अरबी अशा सर्व नावांच्या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट चालवून पाहणे हे लिहिणाऱ्याचे काम आहे. नाहीच चालत, तर तसे पहिल्या ओळीत सांगावे आणि पर्यायी जागा सुचवावी.

चूक सांगण्याची रीत

‘त्रुटी क्रमांक १, काम थांबले’ एवढ्याने कोणाला काही कळत नाही. चांगल्या संदेशात तीन गोष्टी असतात : काय करत असताना अडले, कशामुळे अडले, आणि आता काय करावे. ‘फाइल उतरवता आली नाही. सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही. इंटरनेट तपासा, कॉलेजच्या नेटवर असाल तर प्रॉक्सी भरावी लागेल, तीच आज्ञा पुन्हा देणे सुरक्षित आहे.’ असे चार शब्द लिहिले तर मुलाची एक संध्याकाळ वाचते. सगळ्या पायऱ्यांची नोंद एका लॉग फाइलमध्ये ठेवावी आणि ती फाइल कुठे आहे तेही सांगावे. शेवटी, बसवलेले सगळे काढून टाकण्याची आज्ञाही हवी. खाते उघडता येते पण बंद करता येत नाही, अशी बँक कोणाला आवडेल?

तपासणी कशी करावी

स्क्रिप्ट सुधारायची तर तपासण्याची साधने फुकट उपलब्ध आहेत. शेलचेक नावाचा प्रोग्राम शेल स्क्रिप्ट न चालवता नुसती वाचतो आणि राहिलेली अवतरण चिन्हे, रिकाम्या नावावर चालणारी पुसण्याची आज्ञा, न तपासलेला निकाल असे धोके ओळीच्या क्रमांकासह दाखवतो. स्टीमच्या प्रसंगातल्यासारखी ओळ तो नेमकी पकडतो. त्यानंतर कोऱ्या संगणकावर चाचणी. लिहिणाऱ्याच्या संगणकावर वर्षानुवर्षे साठलेली साधने असतात, त्यामुळे तिथली चाचणी खरी नव्हे. डॉकरसारख्या साधनाने क्षणात कोरे लिनक्स उभे करता येते. गिटहबवर प्रत्येक बदलानंतर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर स्क्रिप्ट आपोआप चालवून पाहता येते. शाखांचे संगणकीकरण झाले तेव्हा कागदी लेजर आणि संगणक काही काळ बरोबरीने चालवून मेळ पाहत असत. तेवढे कष्ट आता पडत नाहीत.

घरच्यांनी आणि मुलांनी काय करावे

पालकांनी एवढे करावे : नवे काही बसवण्याआधी घरातले फोटो आणि कागदपत्रे वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी. शक्य असेल तर मुलाच्या अभ्यासासाठी वेगळे खाते, इंग्रजी अक्षरांत आणि रिकामी जागा न ठेवता काढून द्यावे.

मुलांनी एका ओळीत आणून चालवण्याऐवजी स्क्रिप्ट आधी फाइल म्हणून उतरवावी, उघडून वाचावी आणि मग चालवावी. सगळे कळले नाही तरी ‘पुसा’ आणि ‘सुडो’ असलेल्या ओळी शोधाव्या. ती प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी. कोणी गटावर पाठवलेली घेऊ नये.

जी मुले या क्षेत्रात नोकरी करतात, त्यांना एक विनंती. मोठ्या मुक्त प्रकल्पांत हात घालायचा कुठून, असे ती विचारतात. इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट ही फार चांगली सुरुवात आहे. ती फाइल लहान असते, वाचायला एक दुपार पुरते, आणि सुधारणा बरोबर आहे की नाही हे आपल्याच लॅपटॉपवर लगेच कळते. एक अवतरण चिन्ह, एक नीट संदेश, देवनागरी फोल्डरची एक चाचणी एवढेही पुष्कळ आहे. बदल पाठवता येत नसेल तर नुसते कळवावे : संगणक कोणता, आवृत्ती कोणती, दिलेली आज्ञा कोणती, आणि आलेला संदेश जसाच्या तसा.

ज्यांचे इन्स्टॉल अडून बसले आहे, त्यांनी रविवारी लॅपटॉप आणि चार्जर घेऊन वाचनालयात यावे. पडद्यावरच्या शेवटच्या वीस ओळी पुसू नयेत, एका फाइलमध्ये साठवून आणाव्या. काम तिथूनच सुरू होते.